पेडल कोणतं आणि पायात काय? कोकणात सायकल चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग करायला आलेले पाहुणे असोत, दापोली-गुहागरकडे रोज सायकलवर कामाला जाणारे असोत, की मुलीला शाळेसाठी सायकल घेऊन देणारे आईवडील, बोलणं कधी ना कधी पेडल आणि पायताणापाशी येतंच. खालची उत्तरं किनारपट्टीचा रस्ता, इथला पाऊस आणि खारी हवा धरून दिली आहेत. शहरातल्या दुकानात मिळणारा सल्ला बहुतेक वेळा तासन् तास न थांबता चालवायच्या रस्त्यासाठी असतो, म्हणून तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी पेडल ठरवायचं की बूट?

त्याच्याही आधी, वाटेत किती वेळा उतरून चालावं लागणार ते ठरवा. हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्याला निघालात असं धरू. बागमांडल्याला फेरीबोटीत चढून वेसवीला उतरायचं. मग केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ. तिथे पुन्हा बोट, पलीकडे धोपावे. गुहागर सोडलं की तवसाळला तिसरी बोट आणि समोर जयगड. प्रत्येक जेट्टीवर भरलेली सायकल हातात धरून ओल्या उतारावरून चालायचं, बोटीच्या लोखंडी फळीवर पाय ठेवायचा. वाटेत एखादा किल्ला पाहायचा, देवळाच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरायचं, आणि खाडीच्या काठावरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढणाऱ्या एखाद्या उभ्या चढावर सरळ उतरून सायकल ढकलायची. तुमचा दिवस असा असेल तर ज्यात धड चालता येतं तो बूट आधी निवडा आणि त्याला साजेसं पेडल नंतर. बहुतेक जण उलट करतात. पेडल आवडतं, त्याला लागणारा बूट आपोआप गळ्यात पडतो आणि जेट्टीवर घसरगुंडी होते.

पेडलचे प्रकार एकदा नीट सांगाल का?

आपल्या जुन्या काळ्या सायकलींना असतं ते दोन रबरी ठोकळ्यांचं पेडल. त्यानंतर साधं प्लॅस्टिकचं सपाट पेडल, जे नव्या सायकलीबरोबर मिळतं. त्याचाच थोरला भाऊ म्हणजे रुंद सपाट पेडल, ज्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पिना असतात आणि त्या बुटाच्या तळव्याला धरून ठेवतात. सपाट पेडलला पुढून पिंजरा आणि पट्टा लावला की टो-क्लिप.

मग येतात क्लिप-इन पेडल. यात बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा बोल्टने बसवलेला असतो, तो पेडलच्या स्प्रिंगमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ मध्ये स्कीच्या बाइंडिंगवरून, म्हणजे बर्फावरच्या स्कीला बूट अडकवणाऱ्या खटक्यावरून, घेतलेल्या कल्पनेवर असं पेडल बाजारात आणलं आणि १९८५ ची टूर द फ्रान्स ही शर्यत सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावर जिंकली. तेव्हापासून शर्यतीतले पट्टे मागे पडत गेले. ते तीन बोल्टच्या क्लीटचं घराणं. शिमानो कंपनीने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी एसपीडी नावाचं पेडल आणलं, ते दोन बोल्टचं. यात क्लीट लहान असते आणि बुटाच्या तळव्याच्या खाचेत दडलेली असते. हा एवढा फरक कोकणात फार मोठा ठरतो.

क्लिप-इन पेडलने वेग वाढतो म्हणतात. खरं का?

जितकं सांगतात तितकं नाही. पाय वर ओढून जोर मिळतो हा समज फार खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात नेहमीच्या वेगाने चालवताना जवळपास सगळी ताकद पाय खाली दाबताना लागते. वर येणारा पाय फार तर स्वतःचं ओझं दुसऱ्या पायावर टाकत नाही, एवढंच.

तरी क्लिप-इनचे फायदे आहेत, ते वेगळे आहेत. पाय दर वेळी त्याच जागी बसतो. जलद फिरवताना किंवा खड्ड्यातून जाताना तो पेडलवरून उडत नाही. एकदम जोर काढायचा असेल तेव्हा आधार मिळतो. कुंभार्ली, आंबा, फोंडा किंवा आंबोली घाटासारखा लांब, एका लयीत चढायचा रस्ता असेल तर ती स्थिरता सुखाची वाटते. पण समुद्रालगतचे चढ आखूड आणि उभे आहेत, त्यात वळणावर समोरून एसटी येते आणि पाय चटकन टेकावा लागतो. केवळ वेगासाठी पैसे घालणार असाल तर आधी चांगले टायर घ्या, त्यातली हवा नीट राखा. फरक तिथे जास्त जाणवेल.

मी पुण्यात रोड बाइकला तीन बोल्टची क्लीट वापरतो. किनाऱ्यावर तीच चालेल ना?

सायकलवर बसलेले असाल तोवर उत्तम चालेल. उतरलात की अडचण. ही क्लीट बुटाच्या तळाबाहेर आलेली असते, बहुतेक प्लॅस्टिकची असते आणि तळवा दगडासारखा कडक. शेवाळलेल्या जेट्टीवर किंवा बोटीच्या ओल्या लोखंडावर तिला पकड नसते. जांभ्याच्या खरखरीत दगडावरून चाललात की ती झिजते, आणि वाळूतून चाललात की पेडलमध्ये नीट बसेनाशी होते. रबरी टोप्या मिळतात, त्या खिशात ठेवून प्रत्येक जेट्टीवर चढवता येतात, पण दिवसभर हे करायचा कंटाळा येतो आणि नेमकं कंटाळा केला तिथेच पाय सरकतो. ज्यांना तेच पेडल ठेवायचं आहे त्यांनी निदान चालण्यासाठी हलके सँडल बॅगेला अडकवून आणावेत. मला विचाराल तर सागरी मार्गासाठी पेडल बदलून या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मग दोन बोल्टचं पेडल घ्यावं?

क्लिप-इन हवंच असेल तर हेच. तळव्याला रबर असतं, क्लीट आत असते, माणसासारखं चालता येतं. दोन गोष्टी मात्र समजून घ्या.

पहिली, वाळू आणि तांबडी माती. खाच मातीने भरली की क्लीट अडकत नाही, आणि कधी अडकली तर सुटायला जोर लागतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, चालून आलात तर सायकलवर बसण्याआधी बूट रस्त्यावर दोनदा आपटा, खाच काडीने खरवडा, बाटलीतलं थोडं पाणी मारा. तांबडा चिखल सुकला की फार घट्ट धरतो, म्हणून तो ओला असतानाच काढायचा. कच्च्या रस्त्यावर, चिखलात जास्त चालवणाऱ्यांना टाइम किंवा क्रँकब्रदर्स या कंपन्यांची उघड्या रचनेची पेडल सोयीची पडतात, कारण त्यांतून माती आरपार निघून जाते. क्रँकब्रदर्सची क्लीट पितळेची असते आणि पोलादी क्लीटपेक्षा लवकर झिजते, हे धरून चाला. एका कंपनीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये बसेलच असं नाही. पेडल आणि क्लीट एकाच घरची घ्या.

दुसरी गोष्ट, एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला सपाट असं पेडलही मिळतं. कोकणासाठी मला ते फार शहाणपणाचं वाटतं. लांबच्या रस्त्याला बूट अडकवा, संध्याकाळी मुक्कामाच्या गावात चपला घालून बाजारात जा. फक्त पाय ठेवताना कोणती बाजू वर आहे ते पाहावं लागतं, आणि चढावर सायकल सुरू करताना हे थोडं जिवावर येतं.

आणि क्लिप-इन नकोच असेल तर?

तर तुम्ही काहीही गमावत नाही. पिना असलेलं रुंद सपाट पेडल आणि योग्य बूट यावर अख्खा किनारा आरामात होतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवते.

यात बुटाचं महत्त्व पेडलपेक्षा जास्त. पळण्याचे बूट लोक हमखास घालून येतात. त्यांचा तळवा मऊ आणि फुगीर असतो. पेडलचा दाब एका जागी येतो, तासाभराने तळपाय दुखतो, आणि खालच्या उंचसखल नक्षीत पिना नीट रुतत नाहीत. हवा तो सपाट, थोडा कडक, चिकट रबराच्या तळव्याचा बूट. दुकानात बूट हातात घेऊन मधोमध वाकवून पाहा. सहज दुमडला तर ठेवून द्या. मुळीच वाकला नाही तर चालताना टाच वर निघेल. मधला घ्या.

संध्याकाळी मापाला जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि इथल्या उकाड्यात जास्तच. बोटांपुढे थोडी जागा राहिली पाहिजे. लेस असेल तर तिची टोकं आत खोवा, उजवीकडची लेस चेनमध्ये जाते. पाय कसा ठेवायचा? सपाट पेडलवर चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या दांड्याच्या किंचित पुढे येऊ द्या. टाचेने किंवा नुसत्या बोटांनी मारू नका.

पिनांचा एक तोटा आहे. पाय सटकला तर पेडल नडगीवर बसतं आणि चांगलं सोलवटून काढतं. सुरुवातीला पिना थोड्या कमी उंचीवर ठेवाव्यात. बऱ्याच पेडलांच्या पिना ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) आतबाहेर करता येतात.

पावसाळ्यात काय घालावं?

रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे पाय कोरडा राहील ही आशा सोडून द्या. बूट कितीही जलरोधक असला तरी पाणी वरून, पायावरून ओघळत आत जातं, आणि मग तोच बूट पाणी बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा, पाणी निथळून जाणारा, लवकर वाळणारा बूट बरा. किंवा मागे पट्टा असलेला, पुढून बोटं झाकणारा, जाड तळव्याचा सँडल. क्लीट बसवता येणारे सँडलही मिळतात आणि पावसाळी प्रवासाला ते चांगले. पट्टा जिथे घासतो तिथे फोड येतात, म्हणून आधी घराजवळ वापरून पाय सरावू द्या.

गमबूट नको. शेतात, चिखलणीला ठीक, पण सायकलवर टाच आत हलते, घोटा वाकत नाही आणि पाणी भरलं की प्रत्येक बूट जड होतो.

मुक्कामी आतला गादीचा तुकडा बाहेर काढा, बुटात जुनं वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने ते बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीच्या धगीजवळ ठेवू नका, तळव्याचा डिंक सुटतो. दोन दिवस ओले बूट पिशवीत राहिले तर बुरशी धरलीच म्हणून समजा. बोटांच्या बेचक्या रोज पुसून कोरड्या करा. चिखल्या झाल्या की कुठलंही पेडल नकोसं होतं.

मुलगी आठवीत आहे, शाळा चार किलोमीटरवर. तिच्या सायकलीला काही वेगळं पेडल लावावं का?

वेगळं काही नको, पण आहे ते गुळगुळीत झालं असेल तर जरूर बदला. मुलांच्या सायकलींची प्लॅस्टिकची पेडलं वर्षभरात घासून काचेसारखी होतात आणि पहिल्या सरीला पाय सरकतो. खडबडीत रबराचा पृष्ठभाग असलेली सपाट पेडल घ्या. धातूच्या पिना मुलांना नकोत. पावसात शाळेचे बूट दप्तरात आणि पायात स्लिपर, ही आपल्याकडची नेहमीची रीत. स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेला पावसाळी सँडल द्या. स्लिपर ओली झाली की पाय तिच्यावरूनच निसटतो, पेडल कितीही चांगलं असो. ओढणी आणि सलवारीचा घोळ चेनपासून दूर राहावा म्हणून चेनकव्हर शाबूत आहे ना, तेही त्याच दिवशी पाहून घ्या.

आमच्याकडे बरेच जण अनवाणी किंवा साध्या चपलेवर सायकल मारतात. त्यांनी काय बदलावं?

रोज बंदरावर जाणारा, मासळी घेऊन फिरणारा माणूस वाळूतून, पाण्यातून येतो आणि तसाच सायकलवर बसतो. त्याला बूट घाला म्हणून सांगण्यात अर्थ नाही. रबरी ठोकळ्यांचं जुनं पेडल उघड्या पायाला सगळ्यात दयाळू आहे. ते काढून धातूचं दातेरी पेडल लावू नका. ठोकळे झिजून आतली पत्रा-सळई दिसू लागली की बदला, आणि ठोकळा दांड्यावर गोल फिरत असेल तर बोल्ट आवळा.

गुडघा दुखतो. पेडलमुळे असेल का?

असू शकतं, पण आधी सीटची उंची तपासा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असेल तर मागे. बूट किंवा पेडल बदललं की पाय आणि पेडल यांतलं अंतर काही मिलिमीटरने बदलतं, म्हणून नव्या जोडीनंतर सीट पुन्हा जुळवावी लागते. हे फार कमी जण करतात.

क्लीट वापरत असाल तर तिचा कोन बघा. टेबलावर बसून पाय मोकळे सोडा. चवडे नैसर्गिकपणे जितके आत किंवा बाहेर वळतात, क्लीट तशीच बसवायची. सगळ्यांनी पाय सरळच ठेवायला हवा असा नियम नाही. क्लीटमध्ये पाय थोडा डावा-उजवा हलायला वाव असतो. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये लाल रंगाची पाय हलू देत नाही, निळी २ अंश देते आणि पिवळी ६ अंश. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी लालच्या वाटेला जाऊ नये. क्लीट पुढे-मागे करताना चवड्याच्या फुगीर भागाखाली किंवा त्याच्या थोडी मागे ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि काही दिवस चालवून बघा. आठवडाभर सायकल बंद ठेवूनही दुखत राहिलं, सूज आली, तर डॉक्टरांकडे जा.

बोटं बधिर होतात, तळपायाला आग होते.

बहुतेक वेळा बूट घट्ट असतो. उकाड्यात दुपारनंतर पाय फुगतो आणि सकाळी बरोबर बसलेली लेस काचू लागते. थांबून सैल करा. तळवा फार मऊ असेल तरी हेच होतं. क्लीट थोडी मागे सरकवल्यानेही आराम पडतो.

मला मधुमेह आहे. पाऊण तास सायकल चालवतो. पायात काय घालू?

बंद, रुंद पंजाचा, आत शिवण न टोचणारा बूट आणि कोरडे मोजे. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आला, खडा आत गेला, तरी कळत नाही, आणि वाळूच्या गावात खडा हमखास जातो. घालण्याआधी बूट उलटा करून झटका, परत आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात पाहा. सपाट, रबरी पेडल घ्या, टोकदार पिना नकोत. अनवाणी तर अजिबात नाही. क्लीटचे बूट घ्यायचे असतील तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.

क्लीट पहिल्यांदाच लावतोय. पडण्याची भीती वाटते.

भीती रास्त आहे, आणि उपाय सरळ आहे. स्प्रिंगचा ताण अगदी सैल करा, बहुतेक पेडलांवर लहान ॲलन कीचा स्क्रू असतो. भिंतीला धरून जागच्या जागी दोन्ही पाय पुन्हा पुन्हा अडकवा आणि सोडवा. मग शाळेच्या मैदानावर किंवा भाताच्या कापलेल्या शेतात, जिथे पडलं तरी लागणार नाही. सवय एकच लावायची: थांबण्याआधी पाय सोडवायचा, थांबल्यावर नाही. शिमानोची एसएच-५६ नावाची चंदेरी क्लीट पाय निरनिराळ्या दिशांनी ओढला तरी सुटते. नेहमी मिळणारी काळी एसएच-५१ फक्त टाच बाजूला फिरवली तरच. शिकणाऱ्याने चंदेरी मागून घ्यावी.

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढ-उतारावर किंवा गावाच्या बाजारात पहिल्याच दिवशी क्लीट लावून जाऊ नका.

टो-क्लिप आणि पट्टे आता कुणी वापरतं का?

वापरतात, आणि साध्या बुटावर चालतात म्हणून स्वस्तात काम होतं. पण पट्टा आवळला तर हाताने सोडवावा लागतो. पट्ट्याविना नुसता अर्धा पिंजरा लावला तर पाय पुढे सरकत नाही आणि मागे चटकन निघतो. तो पर्याय ठीक आहे.

खाऱ्या हवेत पेडल टिकतात का? आमची तर क्रँकमध्येच अडकून बसली.

पेडलचा दांडा पोलादी आणि क्रँक (पेडल ज्यात बसतं तो फिरणारा हात) ॲल्युमिनियमची असेल, मध्ये खारट ओल शिरली, की दोन धातू एकमेकांना धरतात आणि मग पाना वाकतो पण पेडल निघत नाही. बसवताना आट्यांना सढळ हाताने ग्रीस लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा काढून पुन्हा लावा. एवढ्याने ही वेळ येत नाही.

काढताना लक्षात ठेवायचं ते असं: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना दांड्यावर लावून त्याची मूठ वरच्या दिशेला ठेवा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात. पाना साधारण १५ मिलिमीटरचा लागतो, काहींना आतून ६ किंवा ८ ची ॲलन की. बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर पेडल चुकीच्या बाजूचं आहे किंवा तिरकं लागलंय. तिथे पाना लावून जोर केला की क्रँकच जाते.

ओहोटीला पुळणीवरून सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो. चालवलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, हलक्या धारेने. जोराचा फवारा बेअरिंगवर मारला तर मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. पेडल बोटाने फिरवून पाहा. करकर आवाज आला तर छर्रे धुऊन नवं ग्रीस भरायची वेळ झाली. सुटे छर्रे असलेलं पेडल गावातला मिस्त्री खोलून दुरुस्त करू शकतो, सीलबंद बेअरिंगचं टिकतं जास्त पण बिघडलं की सुटा भाग शहरातून मागवावा लागतो. दूरच्या गावात राहणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

कोणतंही पेडल कोणत्याही सायकलला बसतं का?

आजच्या बहुतेक मोठ्या सायकलींना ९/१६ इंची आटे असतात. लहान मुलांच्या आणि एकसंध क्रँकच्या काही सायकलींना १/२ इंची. जुनं पेडल काढून सोबत घेऊन दुकानात जा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

रात्रीच्या प्रवासासाठी काही?

साध्या पेडलांना पिवळे रिफ्लेक्टर असतात. वर-खाली हलणारा तो ठिपका मागून येणाऱ्या ड्रायव्हरला लगेच सायकल म्हणून ओळखू येतो. नवं पेडल लावलं की हे रिफ्लेक्टर जातात आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. बुटाच्या टाचेला किंवा घोट्याला चमकणारी पट्टी लावा. आपल्या गावांमधल्या रस्त्यांवर दिवे कमी, झाडी दाट.

क्लीट कधी बदलायची?

पाय आपोआप सुटू लागला, किंवा अडकल्यावर जास्तच डुगडुगू लागला की. तोपर्यंत महिन्यातून एकदा तिचे बोल्ट तपासा. ५ ते ६ न्यूटन मीटर एवढा आवळ पुरेसा असतो. एक बोल्ट सैल झाला तर क्लीट दुसऱ्या बोल्टभोवती गरकन फिरते, टाच कितीही वळवली तरी पाय सुटत नाही. बोल्टच्या डोक्यातल्या खाचेत वाळू बसून गंजते आणि मग की लागत नाही, म्हणून नवी क्लीट बसवल्यावर त्या खाचेत मेणबत्तीचं मेण भरून ठेवा. काढायच्या वेळी टाचणीने कोरलं की निघतं.